एकोणतीस फोटो आणि मागचं संगीत

स्लाइडच्या मागे संगीत लावणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग. नागपुरात मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीत मी नोकरी करते, तिथे साहेबांची सगळी प्रेझेंटेशनं माझ्या हातून जातात. पांढरी पाटी, काळी अक्षरं, एका स्लाइडवर चार ओळी, विषय संपला. एकदा आमच्याच खोलीतल्या एका सहकाऱ्यानं गोदामाच्या वार्षिक अहवालाला कुठल्याशा ऑनलाइन व्हिडिओतली बासरी लावली होती. पडद्यावर मालाच्या आवक-जावकीचे तक्ते येताहेत आणि मागे बासरी. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काहून भाऊ, गोदाम दाखवून राहिले का कोणाचं लग्न लावून राहिले?" लोक खो खो हसले. तो बिचारा खाली मान घालून बसला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. माझा स्वभावच तसा आहे, तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं.

हा स्वभाव आईचा. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती आणि "नाही" हा तिचा लाडका शब्द होता. सहलीला जाऊ का? नाही. केस कापू का? नाही. मला पाहायला आलेल्या मुलांनाही मी नाही म्हणायच्या आत तीच नाही म्हणून मोकळी व्हायची. "त्याच्या आईचं नाक पाह्यलं का वं? त्या घरात तू दोन दिवस नाही टिकत." अशानं माझं लग्न राहूनच गेलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं दुःखही कोणी फार केलं नाही. पोस्टातून रिटायर झालेले बाबा, आई आणि मी, असं आमचं तिघांचं घर. भांडण दोघींचं आणि मध्यस्थी बाबांची, असं वर्षानुवर्षं मजेत चाललं होतं.

यंदा फेब्रुवारीत एका सकाळी आईच्या हातून चहाचा कप पडला. तो उचलायला तिनं हात पुढे केला आणि हात गेलाच नाही. धंतोलीतल्या दवाखान्यात अकरा दिवस काढून आम्ही तिला घरी आणलं. पाय बराचसा सुधारला, काठी धरून ती चार पावलं टाकायला लागली. उजव्या हातात थोडी शक्ती आली. बोलणं मात्र गेलं. सगळ्या शब्दांमधून एकच शब्द तिच्याजवळ उरला, तो म्हणजे "हाव", आमच्याकडचं हो.

"चहा घेते का?" हाव. "नको का मग?" हाव. "दुखून राहिलं का कुठं?" हाव. जन्मभर नाही म्हणणारी बाई सगळ्याला हाव म्हणत होती, आणि म्हणताना तिच्याच डोळ्यांत दिसायचं की हे तिला म्हणायचं नाहीये. शब्द तोंडाशी यायचा, ओठ हलायचे, आणि बाहेर पडायचा तो पुन्हा हाव. मग ती डाव्या हातानं चादर मुठीत धरायची. ते मला बघवायचं नाही, म्हणून मी उठून स्वयंपाकघरात जायची.

मला एकाच गोष्टीची भीती होती. आजारी पडण्याआधी ती माझ्याशी शेवटचं पूर्ण वाक्य बोलली होती ते म्हणजे, "आज साखर कमी टाकली वं तू." मी फोनवर होते, उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. तेच तिचं शेवटचं वाक्य ठरलं तर? बसमध्ये, ऑफिसात, आंघोळ करताना माझ्या डोक्यात हेच चालायचं.

धंतोलीतच एक वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम होत्या, वयानं माझ्याहून पुष्कळ लहान. त्यांनी समजावून सांगितलं, "आईंचे शब्द गेलेले नाहीत, बाहेर यायची वाट अडली आहे. आता पहिले काही महिने फार महत्त्वाचे. घरचे फोटो दाखवा, ओळखीची गाणी ऐकवा. कधी कधी गाण्याबरोबर शब्द येतात. फक्त एक करा, त्यांची परीक्षा घेऊ नका."

मी घरी आले आणि परीक्षाच घेतली. अल्बम उघडून तिच्या मांडीवर ठेवला. "आई, हे कोण?" हाव. "हाव काय? नीट पाह्य. हे बाबा. म्हण, बाबा." हाव. असं आठवडाभर रोज संध्याकाळी चाललं. एका संध्याकाळी माझा तोल गेला आणि मी ओरडले, "तू कोशिशच नाही करून राहिली, आई!" तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाबांनी माझ्या हातातला अल्बम काढून घेतला.

"तिले काहून रागावते? तू पाढे विसरायची तर ती अशी ओरडली होती का तुह्यावर?"

"ओरडली होती," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"हं," बाबा म्हणाले, "मग तरी तू नको ओरडू."

मी आईच्या पायाशी बसले आणि तिचे पाय चेपत राहिले. तिनं तोंड फिरवलेलंच होतं, पण पाय ओढून घेतला नाही.

प्रश्न विचारायचे नाहीत, तर मग दाखवायचं कसं? मला येतं काय, तर स्लाइड. ठरवलं की आईच्या फोटोंच्या स्लाइड करायच्या, मागे तिची गाणी लावायची आणि समोरच्या खोलीतल्या टीव्हीवर चालवायचं. कोणी काही विचारणार नाही, तिनं नुसतं बघायचं. बाबा लोखंडी पेटीतले फोटो घेऊन बसले आणि त्यातून आम्ही एकोणतीस निवडले. दीक्षाभूमीसमोर पांढऱ्या साडीत आई आणि तिच्या कडेवर तोंड फुगवून बसलेली मी. अंबाझरीच्या तलावावर बाबांच्या नव्या स्कूटरवर उलटी बसलेली आई. शाळेतले वर्गाचे फोटो, प्रत्येकात तीच छडीसारखी ताठ उभी. पहिली स्लाइड मी बाबांना दाखवली. त्यावर फोटो होता आणि शेजारी सवयीनं मी चार मुद्दे टाकले होते: एक, हे बाबा. दोन, ही स्कूटर.

"हे का तुह्या साहेबाले दाखवाचं आहे?" बाबांनी विचारलं. मी मुद्दे पुसून टाकले.

फोटोंचं काम सोपं होतं, खरी कटकट गाण्यांनी केली. आई विहारातल्या बायकांमध्ये गायची, जयंतीच्या आधी महिनाभर तर घरात दुसरं काही वाजायचंच नाही. ती सगळी गाणी ऑनलाइन व्हिडिओंमध्ये मिळाली. पण व्हिडिओतलं गाणं स्लाइडमध्ये घालायचं कसं? व्हिडिओ जसाच्या तसा चिकटवला, तर फोटोच्या डोक्यावर काळा चौकोन येऊन बसला आणि गाण्याआधी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. नुसतं गाणं काढून देतो म्हणणारी एक वेबसाइट उघडली, तर तिनं मला कुठलंसं बक्षीस लागल्याचं सांगितलं आणि लॅपटॉप अडकून बसला. ज्याला हे सगळं येत होतं तो बासरीवाला माझ्या शेजारच्याच टेबलावर बसत होता. पण त्याला कुठल्या तोंडानं विचारणार?

शेवटी मी माझ्या अकलेनं मार्ग काढला. लॅपटॉपवर व्हिडिओ लावायचा, त्याच्या तोंडाशी टॉवेलाची घडी ठेवायची, घडीवर बाबांचा फोन ठेवायचा आणि फोनमध्ये गाणं रेकॉर्ड करायचं. हसू नका. मला तेव्हा हे फार हुशारीचं वाटलं होतं.

मे महिना होता. रविवारी सकाळी शेजारच्या बायका आईला व्हीलचेअरवर बसवून विहारात वंदनेला घेऊन गेल्या, म्हणजे तास-दीड तास घर आमच्या ताब्यात होतं. कूलरच्या घरघरीत गाणं ऐकू येईना, म्हणून तो बंद केला. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. आतल्या खोलीचं दार लावायचं तर जीव घाबरायचा, म्हणून ते उघडं ठेवलं. बाबांना मी स्वयंपाकघरात उभं केलं आणि बजावलं, "मी हात केल्याशिवाय बोलाचं नाही, भांडं वाजवाचं नाही, खोकलाचंही नाही." त्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली. पहिली दोन गाणी नीट झाली. तिसरं, आईचं सगळ्यात आवडतं, अर्ध्यावर आलं आणि कुकरची शिट्टी झाली.

कुकर बाबांनीच लावला होता. विहारातून आल्याबरोबर आईला गरम वरणभात मिळावा म्हणून. आई आजारी पडल्यापासून दोन्ही वेळचा कुकर मी सकाळी सहालाच उतरवून, डबे भरून ऑफिसच्या बसकडे पळायची, तेव्हा आई गोळ्यांच्या झोपेत असायची. त्या रविवारी मी त्यांना कुकरचं काही सांगायला विसरले, आणि मी बोलू नका म्हटलेलं असल्यामुळे त्यांनीही मला विचारलं नाही. दुसरी शिट्टी झाली. मी दात आवळून बसले. तिसरी झाली तेव्हा मला राहवलं नाही. "बाबा, कुकर! किती झाल्या?"

"मले काय माहीत बाप्पा! दोन का तीन?"

शिट्ट्या मोजणं हे बाबांचं खातंच नव्हतं. ते काम आईचं. इतवारीच्या बाजारातून तिनं स्वतः पारखून आणलेला तो कुकर, त्याची शिट्टी पहिल्या दिवसापासून घोगरी. मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून संध्याकाळी गॅसपाशी माझी ड्युटी असायची आणि आई समोरच्या खोलीत वह्या तपासत बसलेली असायची. मी हातात गोष्टीचं पुस्तक घेऊन उभी, त्यामुळे शिट्ट्या मोजायचं माझ्याकडून कधी झालंच नाही. तीच तिकडून लाल पेन न थांबवता ओरडायची, "एक!" मग "दोन!" आणि मग, "तीन झाल्या वं, बंद कर!" मी मोठी झाले, नोकरीला लागले, ती रिटायर झाली, तरी संध्याकाळी हे चालूच होतं. फेब्रुवारीपर्यंत चालू होतं.

तर ते तिसरं गाणं वाया गेलं. मी बाबांवर चिडले, पण घामाच्या धारा लागलेल्या असल्यामुळे दोघांनीही भांडण लांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर लावायच्या आधी मी तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. या वेळी ते साफ आलं. फोननं दोन्ही फाइलींना नावं म्हणून नुसते लांबलचक आकडे दिले होते. जुनी पुसायची माझ्याकडून राहून गेली.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोटोंना गाणी जोडली, तर फोटो बदलला की गाणं बंद पडायचं. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. आता मात्र इलाज नव्हता. मी बासरीवाल्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. त्यानं काही न विचारता आपला डबा बाजूला सारला, माझा लॅपटॉप ओढून घेतला आणि दाखवलं, "मॅडम, इथं टिक करा, म्हणजे गाणं सगळ्या स्लाइडवर चालेल. आणि इथं केलं की संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लागेल." मग पहिला फोटो बघून म्हणाला, "आई का?"

मी सगळं सांगितलं. गाणी कशी घेतली तेही सांगितलं. टॉवेलाच्या घडीपाशी त्याला हसू आलं, ते त्यानं पाणी पिऊन लपवलं. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या बासरीवर मी त्या दिवशी जे बोलले..."

"जाऊ द्या मॅडम," तो म्हणाला, "बासरी खरंच जास्त झाली होती."

इतका चांगला माणूस, आणि मी त्याला चारचौघांत हसले होते. मला माझी लाज वाटली.

पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. आईला उशी लावून दिवाणावर बसवलं, बाबा तिच्याजवळ बसले. कूलर अगदी हळू ठेवला. पहिल्या फोटोबरोबर गाणं सुरू झालं आणि आईनं मान वर केली. ती बघत होती, सगळं ओळखत होती. स्कूटरवर उलटी बसलेली आई आली तेव्हा बाबा हसले आणि तिनं डाव्या हातानं त्यांच्या मांडीवर चापट मारली. दुसऱ्या गाण्याला तिचे ओठ हलायला लागले. मी मनात म्हणत होते, म्हण आई, एक शब्द म्हण. गाणं संपलं, ओठ थांबले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"चांगलं वाटून राहिलं का?" बाबांनी विचारलं.

"हाव," आई म्हणाली.

मी खचले. आठवडाभर जीव लावून केलेलं काम होतं आणि उत्तर तेच. मॅडमनी गाण्याचं सांगितलं होतं, गाणं झालं. माझ्याजवळ आता आणखी काय होतं? तिसरं गाणं चालू झालं, पडद्यावर शाळेतल्या वर्गाचा फोटो होता, आणि मी नुसती बाबांकडे बघत बसले.

तेवढ्यात टीव्हीतून घोगरी शिट्टी वाजली.

माझ्या लगेच लक्षात आलं. मी चुकीची फाइल जोडली होती, त्या रविवारची, वाया गेलेली. मी लॅपटॉपकडे धावले तर हातातून माऊस निसटून खाली पडला. तोवर गाण्याच्या मधोमध दुसरी शिट्टी झाली. मी वाकून माऊस शोधतेय, तर तिसरी. आणि मग त्या छान गाण्यावर माझाच कर्कश आवाज टीव्हीतून खोलीभर घुमला, "बाबा, कुकर! किती झाल्या?" आणि मागून बाबांचा, "मले काय माहीत बाप्पा! दोन का तीन?"

"तीन."

मी माऊस घेऊन उठतच होते. मला वाटलं बाबा बोलले. पण बाबा तोंड उघडं टाकून आईकडे बघत होते. आई टीव्हीकडे बघतच नव्हती. तिनं मान स्वयंपाकघराकडे वळवली होती आणि तिच्या कपाळावर ती जुनी आठी पडली होती, मी पुस्तकात डोकं घालून उभी असले की पडायची ती.

"तीन... झाल्या वं," आई म्हणाली. जीभ जड होती, एकेक अक्षर ओढून आणत होती, पण शब्द स्पष्ट होते. "बंद... कर."

आणि मी धावले. पन्नाशीला आलेली बाई मी, समोर टीव्ही आहे, शिट्टी टीव्हीतली आहे, हे मला पक्कं माहीत, तरी मी धावत स्वयंपाकघरात गेले आणि गॅसच्या बटणाला हात घातला. गॅस बंदच होता. शेगडी गार होती. कुकर सकाळीच घासून ओट्यावर पालथा ठेवलेला होता, झाकण त्याच्या शेजारी. मी ते बटण धरून उभी राहिले आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. फेब्रुवारीपासून एकदाही रडले नव्हते. ओढणीचा बोळा तोंडात धरला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

बाहेर गाणं संपून पुन्हा पहिलं लागलं होतं. बाबा आईला काहीतरी विचारत होते. पण तिचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं. एवढा वेळ लागतो का गॅस बंद करायला?

"केला... का?" समोरच्या खोलीतून आईनं ओरडून विचारलं.

मी ओढणी तोंडातून काढली. मला पुष्कळ बोलायचं होतं, तिची माफी मागायची होती, त्या दिवशीच्या कमी साखरेचंही सांगायचं होतं. पण माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

"हाव."